केन्यन-स्लेनी, विल्यम

केन्यन-स्लेनी, विल्यम : (२४ ऑगस्ट १८४७ – २४ एप्रिल १९०८). व्हिक्टोरियन काळातील इंग्लिश हौशी फुटबॉलपटू, लष्करी अधिकारी आणि संसद सदस्य. अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यातील पहिला गोल त्यांनी केला. तो ८ मार्च १८७३ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध झाला. हा पहिला गोल नोंदवणाऱ्या माणसाचा जन्म मात्र इंग्लंडमध्ये झालेला नव्हता. तो काठेवाडातील राजकोट येथे झाला होता.

त्यांचे वडील विल्यम केन्यन हे मुंबई इलाख्याच्या सैन्यातील दुसऱ्या हलक्या घोडदळात कॅप्टन होते. राजकोट हे त्या वेळी काठेवाडातील ब्रिटिश एजन्सीचे मुख्य ठाणे होते आणि तिचा कारभार मुंबई सरकारच्या अखत्यारीत चाले. आई फ्रान्सिस कॅथरिन ही श्रूझबरीचे खासदार रॉबर्ट अॅग्लिओन्बी स्लेनी यांची कन्या. या आजोबांचा येथे मुद्दाम उल्लेख करायला हवा. औद्योगिक शहरांतील कष्टकऱ्यांना मोकळ्या हवेत फिरण्या-खेळण्यासाठी सार्वजनिक जागा असाव्यात, म्हणून १८३३ मध्ये संसदेने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर श्रॉपशरमधील हॅटन ग्रेंज ही त्यांची इस्टेट केन्यन कुटुंबाकडे आली आणि कुटुंबाने आपल्या नावाला स्लेनी हे नाव जोडले.

विल्यम यांचे शिक्षण एटन या उमरावी शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. १८६७ मध्ये ते ग्रेनेडियर गार्ड्स या रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. एटनच्या शाळेत त्या काळी फुटबॉलचे स्वतःचे वेगळे प्रकार खेळले जात आणि त्यांपैकी मोकळ्या मैदानावरच्या खेळात चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यातून पुढे नेणे हेच खरे कौशल्य मानले जाई. चेंडू सहकाऱ्याकडे सरकवण्याला त्यात फारसे स्थान नव्हते. एक जण चेंडू घेऊन निघाला की बाकीच्यांनी त्याच्या पाठोपाठ धावायचे आणि चेंडू सुटला तर तो पायानेच ताब्यात घेऊन पुढे न्यायचा, अशी ही रीत होती. लंडनच्या हौशी क्लबांतून १८७० च्या सुमारास जो खेळ दिसे, त्यावर या शालेय संस्कारांची छाप स्पष्ट होती. आघाडीला सात-आठ जण, मागे जेमतेम दोन-तीन जण आणि एक गोलरक्षक, ही त्या वेळची सर्वसाधारण मांडणी होती. केन्यन-स्लेनी आघाडीला खेळत.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यांची कल्पना फुटबॉल असोसिएशन (एफ.ए.) या इंग्लंडमधील फुटबॉलच्या नियामक संस्थेचे सचिव चार्ल्स अॅल्कॉक यांची. १८७० ते १८७२ या काळात त्यांनी ओव्हलवर असे काही सामने भरवले होते. त्यांतही गोल झाले, पण त्या सामन्यांतील स्कॉटलंडचा संघ मुख्यतः लंडन व आसपासच्या खेळाडूंमधून उभा केलेला असल्यामुळे त्यांना अधिकृत दर्जा मिळाला नाही. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक येथे झालेला सामना पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ठरला. तो ०–० असा बरोबरीत सुटला. त्यामुळे पहिल्या गोलाचा मान परतीच्या सामन्यासाठी शिल्लक राहिला होता.

हा परतीचा सामना ज्या ओव्हलवर झाला, ते मैदान मराठी वाचकांना अजित वाडेकर यांच्या संघाच्या १९७१ मधील विजयामुळे चांगलेच ओळखीचे आहे. १८७३ मध्येही ते सरे क्रिकेट क्लबचेच मैदान होते आणि अॅल्कॉक हेच त्या क्लबचेही सचिव असल्यामुळे हिवाळ्यात तेथे फुटबॉलला जागा मिळे. आजच्या प्रेक्षकाला त्या दिवशीचे मैदान अनोळखी वाटले असते. गोलच्या दोन खांबांवर आडवा दांडा नव्हता, नुसती फीत ताणलेली असे. खेळाडूंच्या पाठीवर क्रमांक नसत. गुडघ्याखाली आवळलेल्या विजारी आणि डोक्यावर टोप्या असा वेश असे. पेनल्टी किकचा नियम यायला अद्याप अठरा वर्षे होती. दोन्ही बाजूंचे पंच क्रिकेटप्रमाणे अपील झाल्यावर निर्णय देत. प्रत्येक गोल झाला की दोन्ही संघ बाजू बदलत.

स्कॉटलंडचा संघ ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबने जुळवला होता, परंतु एवढ्या लांबच्या प्रवासाचा खर्च सर्वांसाठी परवडणारा नव्हता. म्हणून काही जागा लंडन परिसरात राहणाऱ्या स्कॉटिश खेळाडूंनी भरून काढल्या. आर्थर किनेर्ड आणि रॉयल इंजिनियर्स या लष्करी अभियंता दलाचे लेफ्टनंट हेन्री रेनी-टेल्यर हे त्यांपैकी. सामना सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत केन्यन-स्लेनी यांनी चेंडू फितीखालून पार केला आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील गोलांच्या नोंदवहीची सुरुवात झाली. थोड्याच वेळात अलेक्झांडर बॉन्सर यांनी दुसरा गोल केला. स्कॉटलंडच्या वतीने प्रथम रेनी-टेल्यर यांनी आणि नंतर विल्यम गिब यांनी गोल करून २–२ अशी बरोबरी साधली. सामन्याचे पारडे पुन्हा फिरवले ते केन्यन-स्लेनी यांनीच. उत्तरार्धात त्यांनी आपला दुसरा गोल केला, चार्ल्स चेनरी यांनी चौथा केला आणि इंग्लंडने सामना ४–२ असा जिंकला. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाडू म्हणून त्यांची किंमत पहिल्या गोलापेक्षा या दुसऱ्या गोलावरून अधिक कळते, कारण तो बरोबरी झाल्यावर आणि प्रतिपक्ष जोमात असताना आला होता.

या सामन्यात एक विलक्षण योग होता. स्कॉटलंडचा पहिला अधिकृत गोल करणारे रेनी-टेल्यर यांचाही जन्म भारतातच, मसुरी येथे १८४९ मध्ये झाला होता. म्हणजे जगातील सर्वांत जुन्या दोन राष्ट्रीय फुटबॉल संघांचे पहिले गोल एकाच दुपारी, एकाच मैदानावर, भारतात जन्मलेल्या दोन तरुण अधिकाऱ्यांच्या पायांतून झाले. तरीही त्याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. हा खेळ तेव्हा इंग्लंडमध्ये ज्या वर्गाच्या हाती होता, त्या वर्गातील कितीतरी कुटुंबांची एक पिढी लष्करी किंवा मुलकी चाकरीनिमित्त हिंदुस्थानात राहिलेली असे. मुले येथे जन्मत आणि शिक्षणासाठी तिकडे पाठवली जात. पुढे गोऱ्या पलटणींबरोबर हाच खेळ इकडे आला आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप स्पर्धा सुरू झाली.

केन्यन-स्लेनी यांनी देशासाठी हा एकच सामना खेळला. आजच्या मापाने ही संख्या क्षुल्लक वाटेल, परंतु १८७९ मध्ये वेल्सशी सामने सुरू होईपर्यंत इंग्लंडला वर्षाकाठी स्कॉटलंडविरुद्धचा एवढा एकच सामना असे. त्यासाठी लागणारी सवड ज्याची त्यालाच काढावी लागे, कारण खेळाबद्दल मोबदला घेणे हौशी खेळाडूला निषिद्ध होते.

क्लब फुटबॉलमध्ये ते वाँडरर्स या लंडनमधील संघाकडून खेळले. नावाप्रमाणेच या क्लबला स्वतःचे मैदान नव्हते, पण एफ.ए. कप स्पर्धेच्या पहिल्या सात वर्षांत त्याने पाच वेळा चषक जिंकला. १८७३ मध्ये गतविजेता म्हणून त्याला थेट अंतिम सामन्यापर्यंत पुढे चाल मिळाली होती. ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्धचा हा सामना २९ मार्च रोजी लिली ब्रिज येथे झाला. त्याच दिवशी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची नौकाशर्यत असल्यामुळे, लोकांना दोन्ही पाहता यावीत म्हणून तो सकाळी अकरालाच सुरू करण्यात आला. तीन आठवड्यांपूर्वी ओव्हलवर प्रतिपक्षात असलेले किनेर्ड आता केन्यन-स्लेनी यांच्या बाजूने खेळत होते आणि पहिला गोल त्यांनीच केला. पिछाडीवर पडलेल्या ऑक्सफर्डने शेवटी आपला गोलरक्षकही पुढे पाठवला; मोकळ्या पडलेल्या गोलमध्ये चार्ल्स वोलास्टन यांनी चेंडू मारला आणि वाँडरर्स २–० असे विजयी झाले. केन्यन-स्लेनी यांच्या वाट्याला आलेला हा एकमेव चषक.

यानंतर एटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड एटोनियन्स संघातून ते १८७५ आणि १८७६ या लागोपाठच्या वर्षी अंतिम फेरीत खेळले, पण दोन्ही वेळा चषक हुकला. दोन्ही वर्षी पहिला सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि पुनर्सामन्यात संघ हरला. १८७५ चे विजेते रॉयल इंजिनियर्स होते आणि त्यांच्याकडून पहिल्या सामन्यात तसेच पुनर्सामन्यातही गोल करणारे खेळाडू होते तेच मसुरीचे रेनी-टेल्यर. १८७६ मध्ये ज्या संघाने हरवले तो तर केन्यन-स्लेनी यांचा जुना वाँडरर्स संघच होता. एका खेळाडूने एकाच काळात दोन क्लबांकडून खेळावे, यात त्या वेळी कोणालाच काही गैर वाटत नसे.

फुटबॉलखेरीज ते क्रिकेटही खेळत आणि एम.सी.सी. (मेरिलेबोन क्रिकेट क्लब) कडून प्रथम श्रेणीच्या सामन्यांत उतरले होते. ते मैदानावरून दूर झाल्यानंतर काही वर्षांतच फुटबॉलचे रूप पालटले. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकेशरमधील कामगारांच्या संघाने ओल्ड एटोनियन्सला अंतिम सामन्यात हरवले आणि १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. उमरावी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना पुन्हा कधीही हा चषक जिंकता आला नाही.

लष्करात केन्यन-स्लेनी कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १८८२ मधील इजिप्तच्या मोहिमेत तेल-अल-कबीरच्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता. १८८६ मध्ये ते श्रॉपशरमधील न्यूपोर्ट मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत तेथील सदस्य राहिले. १८८७ मध्ये ब्रॅडफर्डच्या अर्लची कन्या लेडी मेबल ब्रिजमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०२ च्या शिक्षण कायद्यातील एक कलम त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धर्मसंस्थांनी चालवलेल्या शाळांमधील धार्मिक शिक्षणावर एकट्या स्थानिक धर्मगुरूचे नव्हे, तर शाळेच्या संपूर्ण व्यवस्थापक मंडळाचे नियंत्रण असावे, अशी तरतूद त्यात होती. १९०४ मध्ये त्यांना प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळाचे सदस्यत्व मिळाले.

हॅटन ग्रेंज येथे २४ एप्रिल १९०८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ६ जून रोजी, इंग्लंडचा संघ ब्रिटिश बेटांबाहेरील आपला पहिला सामना ऑस्ट्रियाविरुद्ध व्हिएन्नात खेळला आणि त्याने तो ६–१ असा जिंकला.