स्की गॉगल : चेहऱ्यावरचं फिटिंग आणि निवड

स्की गॉगल म्हणजे स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग करताना डोळ्यांवर लावायचं, चहूबाजूंनी बंद असलेलं साधन. लवचीक फ्रेम, पुढे बहुधा दुहेरी लेन्स, चेहऱ्याला टेकणारा फोम आणि हेल्मेटवरून किंवा डोक्यामागून जाणारा रुंद इलॅस्टिकचा पट्टा एवढे त्याचे भाग. आपल्याकडे उन्हात घालतात तो काळा गॉगल वेगळा, त्याच्या कडांमधून वारा, उडणारा बर्फ आणि खालून परतणारा उजेड सगळंच आत येतं. दुकानात गेलं की चर्चा लेन्सच्या रंगावरच होते, पण जुन्या नोंदी चाळल्या तर असं दिसतं की गॉगल डोळ्यांवर राहतो की कपाळावर नाहीतर खिशात जातो हे जास्त करून तो चेहऱ्यावर कसा बसतो यावरच ठरत आलंय, म्हणून इथे फिटिंगला जास्त जागा दिलीय.

मूळ : बर्फाच्या उजेडाने डोळे जातात हे माणसाला फार आधीपासून माहीत होतं. झेनोफॉन या ग्रीक सेनानीने इ.स.पू. ४०१-४०० च्या हिवाळ्यात आर्मेनियाच्या डोंगरांतून सैन्य नेलं, तेव्हा बर्फामुळे काही सैनिकांची दृष्टी गेली आणि डोळ्यांसमोर काहीतरी काळं धरून चाललं तर बचाव व्हायचा, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. हा गॉगल नव्हे, पण कल्पना तीच. तिबेटकडे याक किंवा घोड्याच्या केसांची विणलेली जाळी डोळ्यांवर बांधायची पद्धत होती आणि तशा पट्ट्या संग्रहालयांत आहेत.

खरा वाद आहे तो आर्क्टिकमधल्या फटीच्या गॉगलच्या वयाचा. इनुइट आणि युपिक लोकांचे हे गॉगल लाकूड, हाड, कॅरिबू म्हणजे रेनडिअर हरणाचं शिंग किंवा वॉलरसचा सुळा कोरून केलेले असतात, काच अजिबात नाही, फक्त डोळ्यांसमोर आडवी बारीक फट, आतून बऱ्याचदा काजळी फासलेली म्हणजे उजेड आतल्या आत परतू नये. इनुइट भाषेत त्यांना इग्गाक म्हणतात. बेरिंग सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे रशियाच्या टोकाचं चुकोत्का आणि अलास्काचं सेंट लॉरेन्स बेट इथे, ‘ओल्ड बेरिंग सी’ नावाच्या संस्कृतीच्या अवशेषांत सुळ्याचे गॉगल सापडलेत आणि लोकप्रिय लिखाणात त्यांचं वय सरसकट ‘दोन हजार वर्षं’ असं दिलेलं असतं. हा आकडा थोडा जपून घ्यावा. वॉलरस समुद्रातलं खातो, समुद्राच्या खोल पाण्यातला कार्बन आधीच जुना झालेला असतो, त्यामुळे अशा सुळ्याची किंवा समुद्री प्राणी खाणाऱ्या माणसाच्या हाडाची रेडिओकार्बन तारीख (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) आहे त्यापेक्षा काही शतकं जुनी येते, आणि ही दुरुस्ती किती करायची ते जागेनुसार बदलतं. ती दुरुस्ती करून काही अलीकडच्या अभ्यासकांनी या संस्कृतीचा काळ बराच पुढे, पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धाकडे सरकवलाय. ही अडचण नसलेल्या जमिनीवरच्या वनस्पतींच्या तारखा धरल्या तर हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं, तरी जुना आकडा अजून संग्रहालयांच्या पाट्यांवर दिसतोच. पुढे साधारण इ.स. १००० नंतर थुली लोक, म्हणजे आजच्या इनुइटांचे पूर्वज, अलास्काकडून पूर्वेला कॅनडा आणि ग्रीनलंडपर्यंत पसरले आणि त्यांच्याबरोबर हे गॉगलही गेले, यावर मात्र फारसा वाद नाही.

वय काहीही असो, फिटिंगच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की हे गॉगल ज्याचे त्याच्या चेहऱ्याच्या मापाने कोरले जायचे. नाकाची खाच, गालाचा उतार, कपाळाची वळणं, सगळं त्या माणसाचं, कारण कडेने फट राहिली तर समोरची फट बारीक ठेवून उपयोग काय. शिवाय बारीक फटीमुळे पिनहोल कॅमेऱ्यासारखा परिणाम होऊन दूरचं थोडं जास्त स्पष्ट दिसतं, आणि काचच नसल्यामुळे धुकं धरायचा प्रश्नच नाही. कारखान्यात बनणाऱ्या गॉगलला यातली पहिली गोष्ट, म्हणजे एकेका माणसाचं माप, आजही नीट जमलेली नाही.

हिमांधता : बर्फावरच्या अतिनील किरणांनी डोळ्याच्या पारपटलाचा, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर भाजतो, त्याला हिमांधता म्हणतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि दर १००० मीटर उंचीला या किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. त्रास लगेच होत नाही, बहुधा ६ ते १२ तासांनी, म्हणजे रात्री झोपायच्या वेळेला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सोसत नाही, आणि बहुतेक वेळा एक ते तीन दिवसांत उतरतं.

एव्हरेस्टवरचं १९२४ सालचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. ब्रिटिश मोहिमेतला गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन ४ जून १९२४ ला ऑक्सिजनशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत गेला, पण पाय कुठे टाकतोय ते नीट दिसावं म्हणून त्याने गॉगल काढून ठेवला होता. आपण खडकावर आहोत, बर्फावर नाही, तेव्हा चालेल असा हिशोब त्यामागे होता, आणि त्याच रात्री तो पूर्ण आंधळा झाला आणि अडीच-एक दिवस तसाच राहिला. लेन्स वाईट नव्हती, गॉगल आड येत होता. चारच दिवसांनी त्याच मोहिमेतले मॅलरी आणि आयर्विन बेपत्ता झाले. १ मे १९९९ ला मॅलरीचा मृतदेह सापडला तेव्हा गॉगल त्याच्या खिशात होता, त्यावरून तो अंधार पडल्यावर उतरत असावा असा तर्क बऱ्याच जणांनी केलाय, तर काहींचं म्हणणं तो जादाचा गॉगल असू शकतो. दुसरं मत खोडून काढणं अवघड आहे, त्यामुळे एका गॉगलवरून सगळा घटनाक्रम रचणं जरा धाडसाचंच वाटतं.

दुहेरी लेन्स : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्की करणारे लोक विमान आणि मोटारवाल्यांच्या धर्तीचेच गॉगल वापरायचे, एकेरी काच किंवा प्लॅस्टिक, आणि घाम आला की समोरचं सगळं गायब. थंड पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून दव धरतं तसंच इथेही, फक्त इथे पाण्याची वाफ चेहऱ्यातून येते आणि लेन्स बाहेरच्या हवेने गार पडलेली असते. यावरचा तोडगा सहसा बॉब स्मिथ या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टच्या (वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरच्या) नावावर जातो. १९६५ च्या सुमाराला त्याने दोन लेन्समध्ये हवेचा बंद थर आणि फ्रेमच्या झरोक्यांवर हवा जाऊ देणारा फोम अशी रचना केली आणि पुढे त्यातूनच स्मिथ ऑप्टिक्स ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचे गॉगल त्याने घरातल्या टेबलावर जोडले आणि लिफ्टच्या तिकिटांच्या बदल्यात दिले, असंही सांगतात. दुहेरी काचेत हवा कोंडून थंडी अडवायचं तत्त्व थंड देशांतल्या खिडक्यांना आधीपासून होतं, तेव्हा शोधाचं श्रेय त्या तत्त्वाचं नव्हे, ते फोमच्या जोडीने चेहऱ्यावर बसवण्याचं आहे असं मानणं जास्त योग्य.

बंद थराचा एक उपद्रव मात्र आहे. समुद्रसपाटीजवळ सीलबंद केलेली दुहेरी लेन्स उंचावर नेली की आतली हवा फुगते आणि दोन्ही लेन्सना बाहेर ढकलते, त्याने नजर किंचित वाकडी होऊ शकते, म्हणून काही गॉगलमध्ये दाब समान करणारी बारीक छिद्राची सोय ठेवतात. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि तिथल्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगाला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत जातो, तिथे हा मुद्दा कागदी राहत नाही.

फिटिंग तपासणं : पट्टा न लावता गॉगल नुसता हाताने चेहऱ्यावर टेकवायचा. फोम कपाळापासून गालापर्यंत सगळीकडे सारखा टेकला पाहिजे, कुठे उजेड दिसायला नको, कुठे टोचायलाही नको. फ्रेमचं वळण आणि कपाळाचं वळण जुळत नसेल तर मधोमध दाब येतो आणि कानशिलाकडे फट राहते, ती पट्टा आवळून बुजवायला गेलं की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं, म्हणून बसत नसलेला गॉगल पट्ट्याने बसवू नये हा जुन्या इन्स्ट्रक्टर लोकांचा नियम बरोबरच आहे. पट्टा फक्त जागेवर धरायला असतो. दुकानात पाच-दहा मिनिटं तो घालून फिरावं, काढल्यावर नाकाच्या हाडावर किंवा एकाच जागी लाल वळ दिसला तर तो मॉडेल सोडावा.

नाक ही सगळ्यात नाजूक जागा. नाकाचा पूल बसका असेल तर नेहमीच्या फ्रेमखाली फट राहते आणि तोंडावर ओढलेल्या बफमधून (गळ्यात घालायच्या नळीसारख्या कापडातून) वर येणारा गरम श्वास थेट आत शिरतो, मग कितीही भारी अँटी-फॉग कोटिंग असलं तरी लेन्स पांढरी होणारच. अशांसाठी नाकाकडे आणि गालाकडे जास्त फोम असलेले गॉगल मिळतात, त्यांना आधी एशियन फिट म्हणायचे, आता बऱ्याच कंपन्या लो ब्रिज फिट म्हणतात, ते बरं झालं, कारण भारतातच नाकाची उंची इतकी वेगवेगळी असते की खंडाच्या नावावरून काहीच कळत नाही. उलट नाक उंच असेल आणि खाच अरुंद असेल तर नाकपुड्या दाबल्या जातात, माणूस तोंडाने श्वास घ्यायला लागतो आणि पुन्हा धुकंच.

हेल्मेट घरी ठेवून गॉगल विकत घेणं म्हणजे अर्धीच खरेदी. गॉगलची वरची कड हेल्मेटच्या कडेला लागून बसायला हवी. मध्ये कपाळ उघडं राहिलं तर त्या फटीला स्की करणारे चेष्टेने गेपर गॅप, म्हणजे नवशिक्याची फट, म्हणतात, चेष्टा सोडा, पण तिथे गार वारा बसून डोकं दुखतं ते खरंच. आणि हेल्मेट खाली येऊन गॉगलला नाकावर दाबत असेल तर ते त्याहून वाईट, कारण वरचे झरोके बंद होतात आणि हवा फिरायची थांबते. म्हणजे धुक्याची तक्रार बऱ्याचदा लेन्सची नसतेच, मापाची असते. पट्ट्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनच्या रेघा असतील तर तो हेल्मेटवर घसरत नाही. मुलांना मोठ्यांचा छोटा साइज चालवून घेऊ नये, त्यांच्या गालाकडे फट राहतेच.

चष्मेवाल्यांसाठी ओटीजी (ओव्हर द ग्लासेस, म्हणजे चष्म्यावरून घालायचे) नावाचे खोल गॉगल असतात, त्यांच्या फोमला कानाकडे चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असते. घेताना स्वतःचा चष्मा घालूनच बघावा, काच गॉगलच्या आतल्या लेन्सला लागत असेल तर दोन्हींवर ओरखडे येतात, आणि पडल्यावर चष्मा चेहऱ्यात रुततो. नंबरची वेगळी इन्सर्ट आत बसवता येते, पण धुकं धरायला तो अजून एक पृष्ठभाग झाला, त्यामुळे ज्यांना सोसतात त्यांच्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स जास्त सोयीच्या.

लेन्स : आकाराने लेन्स तीन प्रकारच्या. सिलिंड्रिकल फक्त आडवी वळते आणि स्वस्त असते, स्फेरिकल आडवी-उभी दोन्ही वळते आणि आत हवेला जागा जास्त ठेवते, टॉरिक दोन्ही दिशांना पण वेगवेगळ्या वळणाने. किती उजेड आत येतो त्यावरून श्रेणी ठरते : एस० म्हणजे ८० टक्क्यांहून जास्त, एस१ ४३ ते ८०, एस२ १८ ते ४३, एस३ ८ ते १८ आणि एस४ ३ ते ८ टक्के. एस४ हिमनद्यांवरच्या कडक उन्हासाठी, ती घालून गाडी चालवायची नसते. ढगाळ दिवशी उजेड सपाट होतो, बर्फातले खड्डे-उंचवटे दिसेनासे होतात, तेव्हा एस१ ची पिवळी किंवा गुलाबी छटा बरी पडते. युरोपात आधी ईएन १७४ हे मानक होतं, त्याची जागा आता आयएसओ १८५२७-१ या २०२१ च्या मानकाने घेतलीय, अमेरिकेत एएसटीएम एफ६५९ चालतं. काळेपणा आणि अतिनील संरक्षण या वेगळ्या गोष्टी, पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतेक अतिनील किरण अडवतं, त्यामुळे चांगल्या पॉलिकार्बोनेटची पारदर्शक लेन्ससुद्धा त्या बाबतीत पुरते. परावर्तित चमक कापणाऱ्या पोलराइज्ड लेन्सबद्दल दोन मतं आहेत, डोळ्यांना आराम मिळतो पण निसरड्या बर्फाची चमकही मारली जाते आणि तीच चमक पाहून लोक सावध होतात. उजेडानुसार काळी-फिकी होणारी फोटोक्रोमिक लेन्स थंडीत जास्त काळी होते आणि परत उजळायला वेळ घेते, झाडीतून आत-बाहेर करणाऱ्याला हे जाणवतं.

भारतात : गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग ही मुख्य ठिकाणं. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था इथे कोर्स होतात, महाराष्ट्रातून जाणारे बरेच जण पहिल्यांदा स्की पायात घालतात ते तिथेच किंवा सोलंगला सहलीत, कोट-गमबूट भाड्याने घेऊन. भाड्याच्या गॉगलमध्ये रंग पाहण्याआधी फोम बोटाने दाबून पाहावा, तो परत वर येत नसेल तर फट राहणारच. जानेवारीत सूर्य खाली असतो, मार्चमध्ये वर चढलेला आणि बर्फ मात्र अजून असतोच, त्यामुळे सीझनच्या शेवटी एस३ शिवाय जाऊ नये.

निगा : आतल्या लेन्सवरचं कोटिंग पाणी शोषणारं असतं आणि ओलं असताना ते फार मऊ होतं, हातमोज्याने किंवा रुमालाने घासलं की कायमचं निघतं. बर्फ आत गेला तर झटकायचा, उरलेलं गॉगलच्याच मऊ पिशवीने टिपायचं, घासायचं नाही. घामट कपाळावर गॉगल चढवून लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की फोम ओला होतो आणि मग उरलेला दिवस धुक्यात जातो. रात्री तो हीटरवर ठेवू नये, उष्णतेने लेन्स आणि सीलचं नुकसान होतं, खोलीतल्या हवेत आपोआप वाळू द्यावा. काही सीझननंतर फोम भुगा व्हायला लागतो, बहुतेक गॉगलचा फोम बदलून मिळत नाही, तेव्हा लेन्स धड असली तरी गॉगल नवाच घ्यावा लागतो.