गवंडीकामाच्या हत्यारांच्या मुठी

गवंडीकामाच्या हत्यारांच्या मुठी : बांधकाम आणि गिलावा (प्लास्टर) करताना वापरायच्या हत्यारांचा तळहातात बसणारा भाग म्हणजे मूठ. थापी (काही भागांत करणी), गुरमाळा (घोटाईचे सपाट पत्र्याचे हत्यार) आणि लाकडी रंधा (गिलावा घासून सपाट करायची फळी) यांना मूठ असते. हातोडी, सुतकी (दगडकामाची हातोडी), घण, फावडे यांना दांडा असतो. पाते कसे असावे याचा विचार लोहार, कारखानदार आणि मानके ठरवणारे पूर्वीपासून करत आले आहेत. मूठ मात्र बहुधा शेवटी, हाताशी येईल त्या लाकडाची बसवली जाते. गवंड्याचा हात दिवसभर पात्याला नव्हे, मुठीला लागलेला असतो, म्हणून हा क्रम उलटा व्हायला हवा. या नोंदीत मराठवाड्यातील साहित्य, हवामान आणि कामाची पद्धत समोर ठेवून आरामशीर व हलक्या मुठीचे शास्त्र मांडले आहे.

गिलाव्यात हातावर पडणारा भार हिशेबाने पाहता येतो. १२ मिमी जाडीचा गिलावा एक चौरस मीटर भिंतीवर करायचा तर १२ लिटर ओला माल लागतो आणि त्याचे वजन २५ किलोच्या आसपास भरते. दहा चौरस मीटरला अडीचशे किलो झाले. हा सगळा माल थापीने उचलून भिंतीवर मारायचा, पट्टीने ओढायचा, रंध्याने घासायचा आणि वर गुरमाळ्याने घोटाई करायची. थापीत एका वेळी किलोभर माल घेतला तरी अडीचशे वेळा तोच हात, तेच मनगट. बाहेरच्या भिंतीवर २० मिमीचा गिलावा असेल तर हा आकडा चारशेच्या पुढे जातो. माल काही हलका करता येत नाही. तो पेलताना मूठ किती आवळून धरावी लागते, हे मात्र बदलता येते. मुठीची खरी परीक्षा तिथेच होते: ज्या मुठीला कमीत कमी आवळावे लागते, ती चांगली.

आकार व मापे. गवंडी थापी धरतो तेव्हा चार बोटे मुठीभोवती वळतात आणि अंगठा वरून मानेकडे (पाते आणि मूठ जोडणाऱ्या लोखंडी भागाकडे) टेकतो. पात्यावर माल नेमका मध्यावर बसला तर ठीक. जरा बाजूला सरकला की थापी हातात फिरू पाहते आणि ती फिरू नये म्हणून बोटे घट्ट होतात. खराद यंत्रावर उतरवलेली गोल मूठ स्वस्त पडते, पण या फिरण्याला ती अडवत नाही. लंबगोल छेदाची मूठ अडवते. प्रौढ पुरुषाच्या हाताला उंची ३५ ते ३८ मिमी आणि जाडी ३० मिमीच्या जवळपास, हे माप बहुतेकांना चालते. पारखायची सोपी रीत अशी, की मूठ धरल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या टोकाला जेमतेम भिडावे. दोन्हींत मोठे अंतर राहिले तर मूठ जाड. बोटे तळहातात रुतू लागली तर बारीक.

लांबीत जास्त चुका होतात. तळहाताच्या रुंदीपेक्षा मूठ दोन ते तीन सेंटिमीटर लांब हवी, म्हणजे साधारण ११५ ते १३० मिमी. बाजारातल्या स्वस्त थापीची मूठ पुष्कळदा याहून आखूड असते आणि तिचे टोक तळहाताच्या मधोमध टोचते. तिथूनच बोटांकडे जाणारी नस जाते. महिनोन्महिने तो दाब राहिला की बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. गवंडी हे दुखणे थंडीवर किंवा वयावर ढकलतात. कित्येकदा त्याचे मूळ आखूड मुठीत असते. टोक तळहाताच्या बाहेर काढून ते गोलसर घासले की दाब पसरतो.

बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ दुकानात आकर्षक दिसते. ती टाळावी. खाचा एकाच मापाच्या हाताला जुळतात, इतरांच्या बोटांत त्यांचे उंचवटे रुततात. शिवाय गवंडी काम करता करता पकड पुढेमागे सरकवत असतो, त्यालाही त्या आड येतात. मूठ दोन्ही बाजूंनी सारखी ठेवली तर डावखुऱ्यालाही तीच चालते.

मनगट सरळ राहणे हा आणखी एक मुद्दा. वाकवलेल्या मनगटाने पकडीची ताकद घटते आणि कंडरांवर घर्षण वाढते. म्हणून थापीची मान पात्यातून वर उचलून मग मुठीला जोडलेली असते. गुरमाळ्यात मूठ पात्याला समांतर असते, तिथे मूठ आणि पत्रा यांमध्ये बोटांची पेरे मोकळी राहतील इतकी, ४० ते ४५ मिमीची जागा हवी. ती कमी असली की पेरे ओल्या गिलाव्याला घासतात. ओल्या सिमेंटचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असते. पेरांवरची कातडी आधी पांढरट पडते, मग चिरते आणि त्या चिरांत माल जाऊन आग होते. सिमेंटमधल्या क्रोमियममुळे काहींना कायमचा इसब जडतो. पत्र्यापासून मूठ बोटभर वर घेतली, तर या त्रासातला बराच भाग टळतो.

वजन आणि तोल. ३५ मिमी व्यासाच्या, १२० मिमी लांबीच्या भरीव मुठीचे घनफळ सुमारे ११५ घनसेंटिमीटर होते. ती बाभळीची केली तर ९० ग्रॅमच्या आसपास, सागाची ७५, शिवणीची ५५. आता प्लॅस्टिक घेऊ. पॉलिप्रॉपिलीन हे हलक्या प्लॅस्टिकांपैकी एक; तरी त्याची भरीव मूठ १०० ग्रॅमच्या वर जाते. ‘प्लॅस्टिकची म्हणून हलकी’ हा समज त्यामुळे खोटा ठरतो. प्लॅस्टिक हलके होते ते पोकळ केल्यावर: ४ मिमी जाडीची भिंत ठेवली तर तेच वजन ४५ ग्रॅमच्या घरात येते. ॲल्युमिनियमची पोकळ नळीही हलकी असते, पण सिमेंटचे अल्कधर्मी पाणी ॲल्युमिनियमला खाते आणि उन्हात नळी चटका देते.

मात्र नुसते ग्रॅम मोजून भागत नाही. पाते पुढे असते, मालही पुढेच बसतो. मूठ फारच हलकी केली की थापी नाकाकडे झुकते आणि ते नाक वर धरण्यासाठी मनगट राबते. थापी तर्जनीवर मानेजवळ आडवी ठेवून पाहावी. ती जवळपास आडवी राहिली तर तोल बरा आहे. पाते खाली गेले तर मूठ आणखी कोरण्याऐवजी पाते पातळ करावे किंवा मान आखूड करावी. माझ्या मते हलकेपणाची सुरुवात पात्यापासून व्हावी आणि मूठ त्याला साजेशी ठरवावी. रंध्याची गोष्ट वेगळी. तो भिंतीवर टेकलेलाच असतो, पण लाकडी रंधा दिवसभर पाणी पितो आणि संध्याकाळपर्यंत जड होतो. पॉलियुरेथेन फोमच्या रंध्यांनी ही अडचण बऱ्यापैकी सोडवली आहे.

मराठवाड्यातील लाकूड. या भागात जंगल थोडे; सागाचे नाव निघाले की नांदेड जिल्ह्यातले किनवट-माहूर आठवते. बाकी सर्वत्र बांधावरची बाभूळ आणि लिंब (कडुनिंब) हेच हक्काचे लाकूड. बाभूळ चिवट व जड, दांड्याला उत्तम. थापीच्या मुठीला ती थोडी जड पडते, पण झिजत नाही. सालीलगतच्या कच्च्या भागाला भुंगा लागतो म्हणून गाभ्याचेच लाकूड घ्यावे. शिवण हलकी, आकार न सोडणारी आणि कोरायला सोपी, त्यामुळे गुरमाळ्याच्या मुठीसाठी ती फार चांगली. अंजन पाण्यात बुडण्याइतके जड असते. ते टिकते खरे, पण गिलाव्याच्या हत्याराला नको.

लाकूड कोणतेही असो, इथले हवामान त्याची परीक्षा घेते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसते. पावसाळ्यात घट्ट बसवलेली मूठ एप्रिलमध्ये खुळखुळते. अशा वेळी हत्यार रात्रभर पाण्यात ठेवण्याचा उपाय सर्रास केला जातो. लाकूड फुगते, मूठ घट्ट होते. पण फुगताना तंतू लोखंडाच्या कडीवर चेपले जातात आणि वाळल्यावर मूठ आधीपेक्षा सैल होते. मूठ सावलीत नीट मुरवलेल्या लाकडाची करून उन्हाळ्यातच बसवावी, हा खरा उपाय. आठवडी बाजारात पाल ठोकणाऱ्या घिसाडी कारागिरांकडून थापीची शेपटी (मुठीत शिरणारे लोखंडी टोक) तापवून मुठीत ठोकून घेतात. जळून बसलेल्या भोकात ती पक्की बसते. शेपटी मुठीच्या आरपार नेऊन मागे वळवली तर आणखी चांगले.

हातोडी, सुतकी आणि घण. यांना वरचे नियम जसेच्या तसे लावू नयेत. इथला दगड म्हणजे काळा बेसाल्ट, त्यावर घाव घातला की धक्का उलट हातात येतो. तो पिऊन टाकायला दांडा चिवट आणि लवचीक हवा. हलके पण ठिसूळ लाकूड इथे धोक्याचे. तंतू दांड्याच्या लांबीला समांतर असावेत, कारण तिरक्या तंतूंचा दांडा ऐन घावात तुटतो. धावडा, बाभूळ आणि भरीव बांबू हे यासाठी वापरात आहेत. नेढ्यात (हातोडीच्या भोकात) दांडा बसवून वरून पाचर मारतात आणि ती ढिली झाली का हे रोज सकाळी पाहणे हा कामाचाच भाग असतो. टाकीला (दगड घडवायच्या छिन्नीला) मूठच नसते. ती धरणारा हात धक्का थेट सोसतो, म्हणून पाथरवट तिला चिंधी गुंडाळतात.

गिलाव्याची परंपरा या प्रदेशात जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखाली माती, भुसा आणि वनस्पतींचे धागे मिसळलेला थर आहे. सतराव्या शतकातल्या बीबी का मकबऱ्यात संगमरवराची जागा बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत चुन्याच्या गिलाव्याने घेतली आहे. खेड्यांतली घरे मात्र दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात या भिंतींनी हजारो जीव घेतले. त्यानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात सिमेंटची हजारो घरे उभी राहिली आणि गवंड्याच्या हातात टाकी-सुतकीपेक्षा थापी आणि गुरमाळा जास्त वेळ राहू लागला. हाताची दुखणी बदलली, ती यामुळेही.

गवंडी स्वतः मुठीत सुधारणा करत आले आहेत. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे ही सर्वांत जास्त दिसणारी. घाम आलेल्या हातातून मूठ निसटत नाही आणि जाडी हवी तेवढी वाढवता येते. दोष एवढाच की रबराखाली सिमेंटचे पाणी साचते, लाकूड कुजते आणि कातडीलाही ते बाधते. दर काही दिवसांनी पट्टी सोडून धुवायला हवी. पाइपचा तुकडा वेल्डिंग करून केलेली अखंड लोखंडी थापी मोडत नाही, पण मे महिन्यात दुपारी ती धरवत नाही.

भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६२० हे लाकडी दांड्या-मुठींसाठी आणि आयएस १६३० हे गिलाव्याच्या व दरजा (विटा-दगडांमधल्या फटी) भरण्याच्या हत्यारांसाठी मानक आहे. बाजारात मात्र थापीच्या पात्याची मापे अनेक आणि मूठ एकच असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला, म्हणजे आधार नाही असे म्हणता येत नाही. सर्वांत मोठी उपेक्षा स्त्रियांच्या हातांची झाली. बांधकामावर बाईमाणूस म्हणजे घमेले वाहणारी बिगारी, असे धरून चालल्यामुळे लहान तळहाताला बसणारी थापी सहसा कोणी केली नाही. २६ ते ३० मिमी जाडीची आणि १०५ ते ११० मिमी लांबीची मूठ करायला वेगळे लाकूड लागत नाही की वेगळा खर्च. ती दुकानात ठेवली गेली पाहिजे.

निगा. काम संपल्यावर मूठ पाण्याने धुवावी, माल वाळू देऊ नये. वाळलेला माल कानशीसारखा कातडी सोलतो. महिन्या-दोन महिन्यांनी जवसाचे तेल चोळावे. हे तेल हवेत घट्ट होऊन लाकडात पाणी शिरू देत नाही. करडईचे तेल मराठवाड्यात घरोघरी मिळते आणि तेही सावकाश वाळते, पण जवसाइतके नाही. भुईमुगाचे तेल वाळत नाही, मूठ चिकट होते. वॉर्निशचा चकचकीत थर घामाने निसरडा होतो, म्हणून विकत आणलेल्या मुठीवरचा थरही काचकागदाने घासून काढावा. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता सुटते आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उलगडून उघड्यावर वाळत घालावी.