उवा परत का येतात: लिखांच्या तारखांचा हिशेब

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात आणि पोळा जवळ येईपर्यंत अनेक घरांत एखाद्या मुलीचे डोके खाजू लागलेले असते. मग रविवारी ओसरीवर फणी घेऊन बसणे, तेल चोपडणे, मेडिकलमधून आणलेल्या औषधाने केस धुणे असे उपाय होतात, काही दिवस बरे वाटते आणि दहाव्या-बाराव्या दिवशी उवा पुन्हा दिसू लागतात. औषध बनावट निघाले किंवा वर्गातल्या मैत्रिणीकडून उवा पुन्हा आल्या, असे घरचे समजतात. तसे घडूही शकते, पण बरेचदा चालत्या उवा तेवढ्या मेलेल्या असतात आणि लिखा जागच्या जागी राहिलेल्या असतात.

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. मादी दिवसाला आठ-दहापर्यंत अंडी घालते आणि प्रत्येक अंडे टाळूच्या अगदी जवळ, केसालाच, घट्ट वाळणाऱ्या स्रावाने चिकटवते. हा स्राव प्रथिनांचा असतो आणि केसही प्रथिनांचाच असल्यामुळे, केसाला धक्का न लावता लिखेचा चिकटा तेवढा विरघळवील असे द्रव्य सहजी मिळत नाही. लिंबू चोळून लिखा सुटत नाहीत त्या यामुळेच. अंड्यातून पिल्लू साधारण ७ ते १० दिवसांत बाहेर पडते, तीन वेळा कात टाकते आणि आणखी ९ ते १२ दिवसांत स्वतः अंडी घालण्याजोगे होते.

घरच्या उपायांचे यश या आकड्यांवर अवलंबून असते. आज डोक्यावरच्या सगळ्या चालत्या उवा काढल्या, तरी पुढच्या दहा दिवसांत लिखा फुटत राहणार. मात्र फुटलेले प्रत्येक पिल्लू अंडी घालण्याच्या वयाला पोहोचण्याआधी काढले गेले, तर साखळी तिथेच तुटते. म्हणून फणी एकदाच दोन तास फिरवण्यापेक्षा ती पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी अर्धा-अर्धा तास फिरवणे अधिक उपयोगाचे ठरते. केस ओले करून त्यांना भरपूर तेल किंवा शाम्पूचा फेस लावावा, आधी कंगव्याने गुंता काढावा, मग केसांच्या लहान लहान बटा करून बारीक दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढावी आणि प्रत्येक वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. ओल्या, तेलकट केसांत उवांची हालचाल मंदावते, त्यामुळे त्या फणीत सापडतात. तेलाचा खरा उपयोग एवढाच आहे. ऊ अंगावरची श्वासछिद्रे बंद करून तासन्‌तास तग धरू शकते, तेव्हा खोबरेल किंवा जवसाचे तेल लावून ती गुदमरेल या भरवशावर राहू नये. फणी हे साधन मात्र फार जुने आणि कसाला उतरलेले आहे. इस्रायलमधील लाखीश येथे सापडलेल्या, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर डोक्यातल्या आणि दाढीतल्या उवा जावोत, अशी प्रार्थना कोरलेली आहे.

औषध वापरायचे असेल तर परमेथ्रिन १ टक्क्याचे लोशन औषधांच्या दुकानात मिळते. धुऊन टॉवेलने टिपलेल्या केसांना ते लावून दहा मिनिटांनी धुऊन टाकायचे असते. हे औषध उवांच्या मज्जासंस्थेवर काम करते. अंड्यातल्या गर्भात पहिले काही दिवस मज्जासंस्थाच तयार झालेली नसते, त्यामुळे लिखा वाचतात आणि नवव्या दिवसाच्या सुमारास दुसरा हात द्यावा लागतो. अनेक देशांत उवा या औषधाला दाद देईनाशा झाल्या आहेत, म्हणून औषधाबरोबर फणीही चालू ठेवावी. दोन महिन्यांखालच्या बाळाला हे औषध लावू नये.

सीताफळाच्या बियांविषयी सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे सीताफळाला तोटा नाही आणि बिया वाटून डोक्याला लावण्याची रीत अजून मोडलेली नाही. या बियांनी उवा मरतात, हे खरे आहे. बियांमधील असिटोजेनिन नावाची द्रव्ये पेशींची ऊर्जानिर्मिती रोखतात, आणि ती जशी उवांच्या पेशींना घातक आहेत तशीच डोळ्याच्या पेशींनाही आहेत. केस धुताना हा लेप कपाळावरून डोळ्यांत उतरला, तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, डोळे लाल होतात, तीव्र वेदना होतात आणि उजेड सहन होत नाही. अशा रुग्णांच्या नोंदी भारतातील नेत्रतज्ज्ञांनी केल्या आहेत. आजीच्या काळापासून चालत आले म्हणून ते मुलाच्या डोळ्यांना सुरक्षित ठरत नाही. डोळ्यांत गेलेच, तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन दवाखाना गाठावा.

रॉकेल तर नकोच, कारण त्याने कातडी भाजते, चुलीजवळ पेट घेण्याचा धोका असतो आणि घोटभर श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसे सुजतात. त्याहून मोठी भीती कपाशीवर फवारायच्या औषधाची आणि जनावरांच्या गोचिडांवरच्या औषधाची आहे, कारण दोन्ही बाटल्या घरात हाताशी असतात. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट शेतकरी आणि शेतमजूर दगावले. खाजवून ओरखडलेल्या लहान मुलाच्या टाळूतून असे विष रक्तात किती सहज जाईल, हे निराळे सांगायला नको.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की केसावरून केसावर चालत जाते. म्हणून एका गोधडीवर झोपणाऱ्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत, आणि ज्यांच्या डोक्यात जिवंत उवा सापडतील त्यांचे उपचार एकाच दिवशी सुरू करावेत. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात तर एका मुलीपुरता उपाय करून भागतच नाही. कोंबड्या-शेळ्यांच्या उवा माणसाच्या डोक्यात नांदत नाहीत, तेव्हा त्यांना दोष देऊ नये. अस्वच्छतेचा ठपकाही अन्यायाचा आहे, कारण रोज धुतलेले केसही उवांना तितकेच चालतात. डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. म्हणून गेल्या दोन दिवसांतली उशीची खोळ, ओढणी आणि रिबिनी कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या की पुरे, सगळे घर धुऊन काढण्याची गरज नाही. मुलीचे केस भादरण्याचीही नाही.

डोक्यातल्या उवा टायफससारखे रोग पसरवत नाहीत. ते काम कपड्यांत राहणाऱ्या उवांचे. पण खाजवून टाळूवर पू झाला, खपल्या धरल्या किंवा मानेमागे गाठी आल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेराव्या दिवसानंतर चारेक दिवसांनी पुन्हा फणी फिरवावी आणि एकही चालती ऊ सापडली नाही तर उपचार थांबवावेत. पांढरी टरफले त्यानंतरही दिसतील. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे टाळूपासून बोटभर दूर गेलेल्या लिखा बहुधा रिकाम्या असतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा औषध लावावे लागत नाही.