मेड्यूसा : व्हिडिओ गेममधील रूप

ग्रीक पुराणकथांतील तीन गॉर्गन बहिणींपैकी एक. फॉर्किस व कीटो या सागरी देवतांच्या या मुली. स्थेनो आणि युरायली अमर, मेड्यूसा तेवढी मर्त्य. केसांच्या जागी साप, आणि तिच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड. वीर पर्सियसने चकचकीत ढालीतल्या प्रतिबिंबाकडे पाहत तिचे शिर उडवले. धडातून पंखधारी घोडा पेगॅसस व क्रिसेऑर हे दोघे बाहेर आले. हीसिअडच्या ‘थिऑगनी’त ती राक्षसी कुळातच जन्मते. रोमन कवी ऑव्हिड मात्र तिला मूळची सुंदर केसांची तरुणी म्हणतो. समुद्रदेवाने मिनर्व्हाच्या देवळात तिच्यावर बलात्कार केला, आणि देवीने शिक्षा केली ती तिलाच.

कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळात इ. स. पू. ५८० च्या सुमाराचे तिचे भव्य शिल्प होते. ते आता तिथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. गुडघे दुमडून ती धावते आहे, कमरेला दोन सापांची गाठ आहे, आणि चेहरा थेट पाहणाऱ्याकडे वळलेला आहे. त्या काळच्या ग्रीक कलेत चेहरे बहुधा बाजूने दाखवत, म्हणून ही नजर आजही अंगावर येते.

गेम बनवणाऱ्यांपुढचा खरा पेच इथेच आहे. पडद्याकडे पाहिल्याशिवाय खेळता येत नाही, मग पाहण्यातला धोका दाखवायचा कसा? १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’ने तो प्रश्न जवळजवळ टाळला. त्यातली मेड्यूसा एक बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारी बलाढ्य शत्रू आहे. खेळाडूंना त्याहून जास्त छळतात ती नागमोडी उडत येणारी तिची मुंडकी, कारण एकाचा जरी धक्का लागला तरी नायक मागे फेकला जातो आणि खड्ड्यात पडतो. त्याच वर्षीच्या निन्टेंडोच्या ‘किड इकॅरस’मध्ये ती मुख्य खलनायिका आहे.

‘गॉड ऑफ वॉर’ने (२००५) नजरेला बटणांच्या भाषेत आणले. नायक क्रेटॉस दगड होऊ लागला की खेळाडूने अ‍ॅनालॉग स्टिक (नियंत्रकावरची छोटी दांडी) जोरजोरात हलवून त्याला सोडवायचे. तो हवेत असताना दगड झाला तर खाली पडून फुटतोच. पुढे अ‍ॅफ्रोडाइटी या प्रेमदेवतेच्या सांगण्यावरून तो मेड्यूसाचे मुंडके उपटतो आणि तीच नजर शत्रूंवर वापरतो. मूळ कथेतला पर्सियसही कापलेले शिर असेच वापरतो, त्यामुळे ही भर पुराणाला धरून आहे. पण या गेममध्ये मेड्यूसाला स्वतःचे काही दुःख असेल याची जाणीव कुठेच नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ने (२०१८) तिला लेस्बॉस बेटावर नेले. तिथे ज्वालामुखीच्या राखेखाली दगड झालेल्या झाडांचे वन खरोखरच आहे, त्यामुळे जागेची निवड अचूक ठरते. लढाईत तिच्या दृष्टीचा झोत आला की खांबाआड दडावे लागते. ही मेड्यूसा म्हणजे एका प्राचीन वस्तूमुळे पालटलेली लिगिया नावाची स्त्री. तिच्यावर प्रेम करणारी ब्राइस तिला शोधत आलेली असते, म्हणून जिंकल्यावरही खेळाडूला आनंद होत नाही.

‘हेडीस’मध्ये (२०२०) पाताळातल्या अ‍ॅस्फोडेलच्या भागात गॉर्गनची तरंगती मुंडकी अजूनही दगड करणारे मारे सोडतात, तिथल्या राजवाड्यात मात्र ड्यूसा नावाचे तसलेच एक मुंडके झाडलोट करते, नायक झॅग्रियस दिसला की गडबडते, आणि त्याच्याशी मैत्री जुळवते.