मेमरी वाटप, डेटाबेस सर्व्हरवरील

केवळ डेटाबेस चालवण्यासाठी राखून ठेवलेल्या सर्व्हरची मुख्य मेमरी (रॅम) डेटाबेस प्रणाली, तिच्या जोडण्या (वापरणाऱ्या प्रोग्रॅमशी असलेली संपर्कसत्रे) आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात विभागण्याची व्यवस्था. यातील सर्वांत मोठा वाटा बहुधा बफर पूलचा असतो. डिस्कवरून वाचलेली पाने (ठरावीक आकाराचे माहितीचे तुकडे) त्यात ठेवली जातात.

पानांचा हा साठा कोणी सांभाळावा, याविषयी मतभेद आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमची पाने बदलण्याची रीत डेटाबेसला सोयीची नसते आणि कोणते पान आधी डिस्कवर जावे हेही तिला कळत नाही, असे डेटाबेस संशोधक मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ मध्ये मांडले. डेटाबेसने स्वतःचा बफर सांभाळण्याच्या कल्पनेचे मूळ मात्र तेथे शोधता येणार नाही. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक डेटाबेसमध्ये १९७० च्या दशकातच स्वतंत्र बफर होता. गंमत अशी, की स्टोनब्रेकर यांच्याच प्रकल्पातून पुढे आलेली पोस्टग्रेस्क्यूएल ही डेटाबेस प्रणाली आजही ऑपरेटिंग सिस्टिमच्या साठ्यावर बरीच विसंबून असते. म्हणूनच तिचे अधिकृत मार्गदर्शन शेअर्ड बफर्ससाठी (तिच्या बफर पूलसाठी) सुरुवातीला २५ टक्के मेमरी सुचवते आणि ४० टक्क्यांपलीकडे फारसा लाभ नाही, असे सांगते. मायएस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीच्या इनोडीबी या साठवण-इंजिनासाठी हीच मर्यादा ८० टक्क्यांपर्यंत जाते. ८.० आवृत्तीपासून ‘डेडिकेटेड सर्व्हर’ पर्याय चालू केल्यास ४ जीबीहून अधिक मेमरीच्या यंत्रावर ७५ टक्के आपोआप राखले जातात. हे आकडे परस्परविरोधी नाहीत. पान डेटाबेसचा बफर आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा साठा अशा दोन ठिकाणी साठते की एकाच, यावर ते ठरतात.

जुने पान काढण्याच्या पद्धतीचा इतिहास पेटंटशी निगडित आहे. पोस्टग्रेस्क्यूएल ८.० मध्ये (जानेवारी २००५) ‘एआरसी’ (अ‍ॅडॅप्टिव्ह रिप्लेसमेंट कॅश) पद्धत होती. तिच्यावरील आयबीएमच्या पेटंट अर्जामुळे ८.०.२ मध्ये ‘टू-क्यू’ आणि त्याच वर्षी ८.१ मध्ये सध्याची ‘क्लॉक स्वीप’ आली. इनोडीबी नवे पान बफरमधील पानांच्या यादीच्या अग्रभागी न ठेवता शेवटच्या सुमारे तीन-अष्टमांश भागाच्या तोंडाशी ठेवते, त्यामुळे संपूर्ण तक्ता वाचला तरी उपयोगी पाने हुसकली जात नाहीत.

व्यवहारात घात होतो तो जोडण्यांच्या मेमरीने. पोस्टग्रेस्क्यूएलची ‘वर्क मेम’ (मूळ मूल्य ४ एमबी) संपूर्ण सर्व्हरला नव्हे, तर प्रत्येक सॉर्टिंगला वेगळी मिळते. हॅशिंगला तर त्याहून अधिक. ती ६४ एमबी केली आणि १०० जोडण्यांनी प्रत्येकी दोन सॉर्टिंग एकाच वेळी चालवली, तर १२.५ जीबी लागतील. १६ जीबीच्या यंत्रावर ४ जीबी शेअर्ड बफर्स असतील तर हिशेब तेथेच कोलमडतो. लिनक्सचा ‘ओओएम किलर’ (मेमरी संपल्यावर प्रक्रिया बंद करणारी यंत्रणा) मग एखादी प्रक्रिया मारतो आणि पोस्टग्रेस्क्यूएल सर्वच जोडण्या तोडून पुन्हा सुरू होते. पोस्टग्रेस्क्यूएलचेच ‘इफेक्टिव्ह कॅश साइज’ हे मूल्य मात्र मेमरी घेतच नाही. तो क्वेरी प्लॅनरसाठीचा (क्वेरी कशी चालवावी हे ठरवणाऱ्या भागासाठीचा) अंदाज आहे.

ओरॅकल डेटाबेसमध्ये मेमरीचे सामायिक ‘एसजीए’ (सिस्टिम ग्लोबल एरिया) आणि प्रत्येक प्रक्रियेची ‘पीजीए’ (प्रोग्रॅम ग्लोबल एरिया) असे दोन भाग असतात. ११जी आवृत्तीपासून दोन्हींचे एकत्र स्वयंचलित वाटप शक्य झाले. लिनक्सवर ‘ह्यूज पेजेस’ (मेमरीची नेहमीपेक्षा मोठी पाने) वापरायची असल्यास ही सोय बंद ठेवावी लागते.