स्वमग्न मुलाचं प्रमाणपत्र आणि ‘निरामय’: अर्ज नेमका कुठे अडतो

मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं निदान झालेलं असतं, थेरपी सुरू असते, फाईल फुगलेली असते. तरी ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्याचा अर्ज परत येतो. कारण साधं आहे: खासगी डॉक्टरांचा अहवाल म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. ते मिळवायला आधी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुने अहवाल एवढं लागतं. आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. तपासणीचा वार आधी विचारूनच निघा. सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्याहून पहाटेच्या एसटीनं पेंगुळलेलं मूल घेऊन येणं म्हणजे काय, ते आणणाऱ्यालाच ठाऊक.

सर्वांत महागात पडणारी चूक फॉर्म भरतानाच होते. सायबर कॅफेवाला घाईत दिव्यांगत्वाच्या प्रकारात ‘मेंटल इलनेस’ (मानसिक आजार) निवडतो. मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात, म्हणजे तेच असणार! पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये स्वमग्नता आणि मानसिक आजार वेगवेगळे आहेत. ‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना. ती स्वमग्नतेला, सेरेब्रल पाल्सीला, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वाला आहे, मानसिक आजाराला नाही. सबमिट दाबण्याआधी स्क्रीन स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, लाजू नका.

दुसरी गोष्ट आयांसाठी. तपासणीत स्वमग्नता किती आहे ते मोजायला ‘इसा’ (ISAA) ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. त्यातलं बरंचसं तुमच्या सांगण्यावर ठरतं. चारचौघांत मुलाला कमी लेखायचं नाही म्हणून “करतो हो सगळं” म्हणू नका. रात्री झोपत नाही, डोकं आपटतो, नवीन माणूस आला की कपाटामागे जातो, हे सांगा. मोबाईलवरचा व्हिडिओ आणि शाळेची चिठ्ठी सोबत ठेवा. प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर तारीख तेव्हाच बघून ठेवा.

‘निरामय’मध्ये १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीही धरून, आधी वैद्यकीय तपासणी नाही. पण वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारीत नोंदणी केली म्हणजे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालेल असं समजून कित्येकांचे दावे बुडाले. नवी नोंदणी एप्रिलमध्येच करा, मूळ बिलं जपा.

आणि कागद होईपर्यंत स्वतःची झोप उडाली असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. त्याला कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही.