दोन देवळं, दोन्हींचं नाव ‘डायना’, आणि डायना एकीकडेही नाही

मावसबहीण पोर्तुगाल-स्पेन फिरून आली आणि फॅमिली ग्रुपवर दोन फोटो टाकले, दोन्हीखाली कॅप्शन एकच, ‘डायनाचं रोमन मंदिर’. काकांनी लगेच विचारलं, एकच फोटो दोनदा का टाकलास गं? त्यात काकांची काही चूक नाही. दगडी जोतं, त्यावर पन्हाळीसारख्या उभ्या खाचांचे उंच खांब, वर छप्पर नाही, मागे निळं आकाश, दोन्हीकडे सेम टु सेम. पण एक आहे पोर्तुगालच्या एव्होरा गावातलं आणि दुसरं स्पेनमधल्या मेरिदाचं (मेक्सिकोतलं मेरिदा नव्हे, गुगल आधी तेच दाखवतं). मधे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आणि एक देशाची सीमा. रोमन काळात मात्र ही सीमा नव्हतीच, दोन्ही गावं लुसिटानिया नावाच्या एकाच प्रांतात होती आणि मेरिदा, म्हणजे तेव्हाचं ऑगस्टा एमेरिटा, त्या प्रांताची राजधानी. इ.स.पू. 25 मध्ये सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांना वसवायला म्हणून ते गाव उभं केलं होतं.

आधी नावाचं बघू. डायना म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवी, आणि तिचा या दोन्ही देवळांशी काही संबंध सापडत नाही. एव्होराच्या देवळाला हे नाव 17व्या शतकात मानुएल फियाल्यू नावाच्या पाद्र्याने चिकटवलं, आणि मेरिदाचंही असंच नंतरच्या लोकांनी अंदाजाने ठेवलेलं. अभ्यासक आता म्हणतात की दोन्ही देवळं सम्राटाच्या पूजेसाठी होती, पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याला देव मानायची जी पद्धत सुरू झाली त्यातली. पण नाव एकदा पडलं की पडलं. फ्रान्समधल्या नीम शहरातही एक ‘डायनाचं मंदिर’ आहे, आणि ते तर बहुधा मंदिरच नव्हतं!

आता ओळखायचं कसं. मी तरी सरळ खांबाच्या डोक्याकडे बघते. एव्होराचे खांब ग्रॅनाइटचे, करड्या रंगाचे, पण वरचा पानाफुलांच्या नक्षीचा भाग आणि खालची बैठक मात्र पांढऱ्या संगमरवराची, जवळच्याच एस्त्रेमोझच्या खाणीतली. ऊन पडलं की करड्या अंगावर पांढरी टोपी घातल्यासारखं दिसतं. मेरिदाला वरपासून खालपर्यंत ग्रॅनाइटच. ग्रॅनाइटवर बारीक नक्षी नीट उठत नाही, दाणे जाड असतात ना, म्हणून त्यावर गिलावा करून फिनिशिंग दिलं होतं, तो गिलावा आता बहुतेक गळून गेलाय आणि पानं बोथट, झिजल्यासारखी वाटतात. झूम करून बघा, खांब अखंड नाही, जात्याच्या तळीसारखे गोल दगड एकावर एक रचलेत. अर्थात हे दोन्हीकडे आहे, त्यामुळे ओळखायला उपयोग शून्य. तसंच पाण्याच्या हौदांचं, दोन्ही देवळांच्या बाजूला हौद होते.

दुसरी खूण अजून सोपी. खांबांच्या आत घर दिसतंय का? दिसलं तर मेरिदा.

खरी गंमत इथे आहे. ही देवळं टिकली ती कुणी भक्तीने जपली म्हणून नाही, कुणीतरी आत घुसून वापरली म्हणून. मेरिदाला 16व्या शतकात कोर्बोसच्या काउंटने (म्हणजे सरदाराने) थेट देवळाच्या आतच वाडा बांधला, खांब आयतेच उभे होते, भिंती त्यांच्या आधाराने. एव्होराला मधल्या काळात खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बुजवल्या, वर किल्ल्यासारखे कंगोरे काढले, आणि आत चक्क खाटकाचं दुकान, ते 1836 पर्यंत चालू होतं. म्हणजे सम्राटाच्या देवळात शेकडो वर्षं मटण विकलं जात होतं, आणि त्या भिंती होत्या म्हणून खांब पडले नाहीत!

नंतर 1870च्या सुमाराला एव्होरात ठरलं की मधल्या काळातलं सगळं काढून टाकायचं. काम दिलं जुझेप्पे चिनात्ती या इटालियन माणसाला, जो आर्किटेक्ट होता पण ऑपेराचे सेट करण्यासाठीही प्रसिद्ध होता. त्याने भिंती पाडल्या आणि आज पोस्टकार्डवर दिसतं ते मोकळं, रोमँटिक, 14 खांबांचं देऊळ उरलं. मला ते थोडं सेटसारखंच वाटतं, हे माझं मत. मेरिदात वाड्याचा काही भाग तसाच ठेवलाय, म्हणून रोमन खांबांच्या मधून एखाद्या श्रीमंत घराची खिडकी डोकावते. काही लोकांना ते घाण वाटतं, फोटो बिघडतो म्हणतात. मला तेच आवडतं, कारण देऊळ मधली एवढी वर्षं कुठे होतं हे तिथे बघून कळतं, एव्होरात ते कुणीतरी सांगावं लागतं.

जायचं असेल तर एव्होरा लिस्बनहून बसने साधारण दीड तास, देऊळ गावात अगदी वर, कॅथेड्रलला लागूनच, आणि जवळच जुन्या इन्क्विझिशनची (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची) इमारत आहे, तेच इन्क्विझिशन जे पुढे 1560 मध्ये गोव्यात आलं. मेरिदाला नुसतं देऊळ बघून परत येऊ नका, तिथे थिएटर, पूल, म्युझियम सगळं रोमन आहे, दिवस पुरत नाही.

ताईला हे सगळं ग्रुपवर टाइप करून पाठवलं. तिने कॅप्शन बदलल्या. आता एकाखाली लिहिलंय ‘डायना 1’ आणि दुसऱ्याखाली ‘डायना 2’.